कडूबाईने रांगोळीत बांधलेला पूल

कौलवाडीत कुणाच्या घरी लग्न निघालं, की बस्त्याच्या आधी एक निरोप ओढ्यापलीकडच्या ढवळेवस्तीवर जायचा: कडूबाईला म्हणावं, अमक्या दिवशी मोकळी राहा. तिच्या रांगोळीशिवाय मांडव म्हणजे मांडवच नव्हे, असं गावाचं मत होतं. गावाचं नसतं, तरी कडूबाईचं होतंच. लग्न असो, झेंडावंदन असो, सप्ता असो, नाहीतर कुण्या पुढाऱ्याच्या हस्ते नारळ फुटायचा असो, पहाटेच पितळी डबा काखेला मारून बाई हजर. आधी जागा झाडायची, मग शेणकाल्यानं सारवायची, आणि सारवण जरा सुकलं की फतकल मारून चिमटीतून पांढरी धार सोडायची. त्या वेळी कुणी जवळून गेलं तरी तिचा जीव वरखाली व्हायचा. "ए, पाय! पाय बघ तुजा! डोळं काय काष्टीच्या बाजारात इकून आलास का?" असं ती एकदा खुद्द सरपंच आबासाहेबांना म्हणाली होती. आबासाहेबांनी मुकाट्यानं पाय मागं घेतला, कारण त्या रांगोळीपुढं फोटो त्यांचाच निघायचा होता.

आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईबापानं तिचं नाव कडू ठेवलं, म्हणजे दृष्ट लागायला नको. दृष्ट काही लागली नाही. पण बाईचं तोंड असं, की लग्न होऊन आली तेव्हापासून नवरा बजरंग जो गप्प झाला तो अजून गप्पच आहे. बिचाऱ्याला वर्षाकाठी एखादं वाक्य बोलायची संधी मिळते, ते तो जपून वापरतो.

रांगोळीच्या बाबतीत कडूबाईचा एकच कायदा होता. रेघ तुटता कामा नये. सासूनं शिकवलेला कायदा. चिमूट संपत आली की ती श्वास धरायची, दुसऱ्या हातानं नवी चिमूट तयार ठेवायची आणि जिथं पहिली संपली तिथंच दुसरी सुरू करायची. बघणाऱ्याला सांधा सापडायचा नाही. "आपल्या हातानं दारात रेघ तोडायची म्हंजी घरातलं कायतरी तोडायचं," असं ती सुनेला, म्हणजे जयाला, बजावायची. एकदा हळदीकुंकवाच्या गडबडीत जयाच्या हातून वेलीची रेघ मध्येच सुटली, तर सासूबाईनं सगळं पुसून पुन्हा सारवायला लावलं. आलेल्या बायका तोवर उन्हात उभ्या.

अशा बाईच्या घराचा रस्ताच नेमका तुटका. कौलवाडी आणि ढवळेवस्ती यांच्यामधून ओढा जातो. उन्हाळ्यात त्यात शेळ्या बसतात. पण वरच्या अंगाला पाऊस झाला की तोच ओढा असा फुगून येतो, की गाव इकडं आणि वस्ती तिकडं. शाळा इकडं, दवाखाना इकडं, रेशनचं दुकान इकडं, दूधडेअरी इकडं. तिकडं काय, तर नुसती माणसं. शेजारच्या गावावरून एक लांबचा वळसा आहे म्हणा, पण पावसाळ्यात त्या काळ्या रानात मोटरसायकल रुतते, ती काढायला ट्रॅक्टर न्यावा लागतो, आणि मग तो ट्रॅक्टर काढायला दुसरा.

कडूबाईची नात संस्कृती दुसरीत होती. लेक टेम्पोवर, सून रानात, म्हणून पोरीला शाळेत पोचवायचं काम आजीचं. गेल्या भादव्यात पोरीला कडेवर घेऊन ती ओढ्यात उतरली. पाणी मांडीइतकं. मधोमध पायाखालचा दगड सरकला आणि दोघी खाली गेल्या. हाताला पोरीची वेणी लागली म्हणून पोर राहिली, नाहीतर काय झालं असतं ते आजही कडूबाई कुणाला बोलू देत नाही. दप्तर मात्र गेलं. पोर खोकून खोकून पाणी ओकत होती आणि वर रडत होती ती दप्तरातल्या रंगपेटीसाठी. त्या संध्याकाळी तुळशीपुढं साधं स्वस्तिक काढायलाही कडूबाईचा हात वळेना. तेव्हापासून तिनं एकच धोसरा धरला, की पुढच्या पावसाळ्याआधी इथं पूल झाला पाहिजे. पोर एकदा हातातून सुटली, दुसऱ्या वेळी देव वेणी हातात देईलच असं काही लिहून दिलेलं नव्हतं.

पुढच्या ग्रामसभेत तिनं असा काही कालवा केला, की कानाचं मशीन लावलेल्या म्हाताऱ्यांनीसुद्धा ते काढून ठेवलं. आबासाहेब म्हणाले, "वहिनी, लिवतो, लिवतो. एक नंबरला लिवतो, पन खाली बसा." आणि खरोखरच पूल गावाच्या आराखड्यात एक नंबरला गेला. कडूबाईनं त्या दिवशी देवळात गूळ वाटला.

इथवर सगळं बरं चाललं होतं. मग गावात लोकसहभाग आला.

पूर्वी गावाचा आराखडा ग्रामसेवक आदिनाथ भाऊसाहेब एकटेच करायचे. मागच्या वर्षीचा घ्यायचा, तारीख बदलायची, चहा मागवायचा. पण आता वरून हुकूम आला, की लोकांना विचारल्याशिवाय काही करायचं नाही. भाऊसाहेबांची मोठी पंचाईत झाली. लोकांना काय विचारायचं ते हुकुमात नव्हतं. मग ते विचारायला पुण्याच्या एका संस्थेच्या स्नेहल मॅडम आल्या. मॅडम मनानं फार चांगल्या. खांद्याला तागाची पिशवी, पिशवीत रंगीत कार्डं, आणि आवाज असा गोड, की जनावरांच्या डॉक्टरकडं निघालेली माणसंसुद्धा म्हैस झाडाला बांधून ऐकायला थांबली.

मॅडम म्हणाल्या, "आज इथं कुणी मोठं नाही, कुणी लहान नाही. सगळ्यांनी गोलात बसायचं."

गोल म्हटल्यावर आबासाहेब घाबरले. रांग असली की पुढं कोण बसतं ते ठरलेलं असतं, गोलात माणसानं सरपंच व्हायचं कसं? शेवटी गोलातच त्यांच्यासाठी एक खुर्ची टाकली आणि मग तो गोल हळूहळू आपोआप खुर्चीसमोर सरळ झाला. मॅडमनी तेवढ्यात फोटो काढून घेतले.

"आता तुमच्या गावाचा नकाशा तुम्हीच काढायचा," मॅडम म्हणाल्या. "इथंच, जमिनीवर. रांगोळीनं!"

सगळ्या बायकांची तोंडं एकाच दिशेला वळली. कडूबाई डबा घेऊनच आली होती.

"सारवल्याबिगर?" तिनं विचारलं.

"तशीच चालेल हो जमीन, मावशी."

"तुमाला चालंल. मला न्हाई चालायची."

झालं. पंचायतीपुढची सगळी जागा सारवून सुकेपर्यंत लोकसहभाग थांबला. पुरुषमंडळी पिंपळाखाली जाऊन मोबाईल बघत बसली, ती पुन्हा आलीच नाहीत. बायका मात्र हटल्या नाहीत, कारण कडूबाई काय काढते ते बघायचं होतं.

आणि काय काढलं म्हणता! मारुतीचं देऊळ कळसासकट, शाळा, शाळेच्या दारात दोन मोर. पाण्याची टाकी काढली, तिच्यावर नारळ आणि पाच पानं. आड काढला तो काठोकाठ भरलेला. आता आडाला फाल्गुनातच तळ दिसतो हे काय तिला ठाऊक नव्हतं? पण रांगोळीत कोरडा आड कोण काढतं? मग तिनं गावातून ढवळेवस्तीचा रस्ता धरला. चिमटीतून धार सोडत सोडत ओढ्यापाशी आली आणि तिची चिमूट क्षणभरसुद्धा न थांबता ओढ्यावरून पलीकडं गेली.

वस्तीवरची बनुबाई शेजारीच उकिडवी बसली होती. ती म्हणाली, "अगं कडे, तितं रस्ता न्हाई. तितं पानी हाय."

"पानी काढलंय की. ह्यो निळा रंग कशाचा मंग?"

"पन रस्ता तुटतोय न्हवं तितं?"

कडूबाईनं मान वर केली. "मंग म्या तोडू? आपल्या हातानं गावाची रेघ तोडू, ती बी पावन्यांम्होरं? काय शुभ-अशुभ हाय का न्हाई तुला?"

बनुबाईनं जीभ चावली. बाकीच्या बायकाही म्हणाल्या, खरं हाय बाई, सरळ घराच्या वाटंवर घाव कोन घालील. तेवढ्यावर कडूबाई थांबती तरी बरं होतं. पण बाईला चेव आला. ओढ्यावरचा तेवढाच तुकडा तिनं दुहेरी केला, दोन्ही बाजूंनी पानाफुलांची वेल सोडली आणि खालच्या निळ्या पाण्यात दोन कमळं टाकली.

मॅडम वाकून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "मावशी, रस्ता ओढ्यावरून जातो का?"

"व्हय की. तितनंच जातो. दुसरं कुटनं जानार?"

मॅडमनी पिशवीतून पिवळं कार्ड काढलं, त्यावर ठळक अक्षरांत 'पूल' असं लिहिलं आणि वेलीच्या मधोमध ठेवलं. कडूबाईला भरून आलं. पुण्याची बाई, पहिल्यांदा गावात आलेली, पण आपल्याला काय पाहिजे ते हिला न सांगता कळलं, असं ती घरी जाऊन सांगत होती.

नकाशाची कीर्ती वरपर्यंत गेली. वरच्या साहेबांना तो इतका आवडला, की रांगोळी पुसली जाईल म्हणून पेंटर बोलावून तो जसाच्या तसा पंचायतीच्या भिंतीवर ऑइल पेंटनं उतरवला. वर कमानीत लिहिलं: लोकांनी काढलेला लोकांचा नकाशा. कडूबाईला शाल, नारळ मिळाला. ती संस्कृतीला मुद्दाम भिंत दाखवायला घेऊन गेली. पोरीनं बोटानं सगळा रस्ता गिरवला, ओढ्यावर आल्यावर थांबली आणि म्हणाली, "आजी, आपण ह्या रस्त्यानं का न्हाई जात शाळेत?"

कडूबाई हसली. तेव्हा हसली.

वैशाखात ती पंचायतीत गेली. पावसाळा तोंडावर आला, पुलाचा एक दगड अजून पडला नव्हता. भाऊसाहेब कॉम्प्युटरमागं बसले होते.

"भाऊसायेब, पूल कवा व्हनार?"

"काकू, तो एक नंबरचा पूल वगळलाय वरून. जिथं पूल आहे तिथं दुसरा देता येत नाही."

"कुटं हाय पूल?"

भाऊसाहेबांनी खिडकीतून बाहेरच्या भिंतीकडं बोट केलं.

कडूबाईला आधी चेष्टाच वाटली. मग त्यांचं तोंड बघून कळलं, की चेष्टा नाही. "आवो, तुमी सोता त्या वड्यातनं येताजाता. मागं तुमची गाडी तितं बंद पडली, म्याच ढकलली की!"

"माझ्या डोळ्यांचं काय घेऊन बसलात, काकू? माझ्या डोळ्यांना अधिकार नाहीत. नकाशाला आहेत. आणि तो काय मी काढलाय? लोकांनी काढलाय. लोकांच्या नकाशात मी हात घातला, तर उद्या माझी चौकशी लागेल."

"मंग मी लोकच हाय की! मी सांगते, पूल न्हाई."

"तुम्ही एकट्या म्हणजे लोक नाही. एकटं माणूस बोललं तर ती तक्रार. शंभर बोलले तर कोरम. मग ते लोक." भाऊसाहेब तसे वाईट नव्हते. त्यांनी आवाज खाली आणला. "आणि अगदीच निराश होऊ नका. मंजुरी आलीय. पुलाला कठडे आणि रंगरंगोटी."

"कंच्या पुलाला?"

"त्याच."

ती घरी आली ती उंबऱ्यावरच बसली. जयानं सगळं ऐकून घेतलं आणि संस्कृतीचं नवं दप्तर खताच्या रिकाम्या पिशवीत बसतं का ते बघायला लागली. तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं कडूबाईला वाटलं. संध्याकाळी बजरंगनं त्या वर्षीचं वाक्य खर्च केलं. "रांगुळीच ती," तो म्हणाला, "पुसून टाकायची."

"ऑइल पेंट हाय त्यो!" कडूबाई ओरडली आणि ओरडता ओरडताच रडली. ज्या हातांचा तिला जन्मभर तोरा होता, त्याच हातांचा तिला भयंकर राग आला. दुसऱ्या दिवशी दारात रांगोळी नव्हती. वस्तीवर बायकांनी एकमेकींना विचारलं, कडूबाई आजारी हाय का?

आजारी कुठली! ती कोरम गोळा करायला निघाली होती. नकाशा बदलायचा तर खास ग्रामसभा, आणि ग्रामसभेला शंभर माणसं हवीत. गावातल्या लोकांना पुलाशी घेणं ना देणं. ते म्हणायचे, "त्ये तुमच्या वस्तीवाल्यांचं हाय, वहिनी," आणि टीव्हीचा आवाज वाढवायचे. मग कडूबाई जुनी लग्नं काढायची. "तुज्या लग्नात मांडवात कोन बसलं हुतं गं उनात? तुज्या लेकीच्या बारशाला?" असं करत गावातली थोडीफार माणसं कबूल झाली. बाकी भरणा ढवळेवस्तीचा. वस्तीवरचं एकूण एक माणूस येणार होतं, अंथरुणाला खिळलेलं सोडून.

सभा ठरेपर्यंत श्रावण उजाडला. त्या दिवशी मोठे साहेब येणार, मॅडम येणार, म्हणून देवळापुढं रांगोळी हवीच होती, आणि ती काढणार कोण? कडूबाईनं आधी नाही म्हणून सांगितलं. मग विचार केला, की आपण रुसून बसलो तर साहेबाचं मन बिघडायचं. पहाटेच ती ओढा ओलांडून गावात आली. पाणी घोट्याइतकं होतं, आभाळ निवळ. तिनं जागा सारवली, उरलेल्या शेणकाल्याची बादली शेजारच्या पंचायतीच्या भिंतीशी ठेवली आणि कमळ काढायला बसली.

गावावर एक थेंब पडला नाही. पण वर डोंगराकडं रात्रभर पाऊस कोसळला होता. साहेबांची जीप देवळापाशी यायला आणि ओढ्याचा आवाज गावात ऐकू यायला एकच गाठ पडली.

सभा सुरू झाली. भाऊसाहेबांनी डोकी मोजली. आबासाहेब, त्यांचे सगेसोयरे, काही कबूल झालेले, आणि सावलीला म्हणून टेकलेले दोघं-तिघं. शंभराला लईच कमी.

"कोरम नाही," भाऊसाहेब म्हणाले. "सभा तहकूब. अर्ध्या तासानं पुन्हा घेऊ. तहकूब सभेला कोरम लागत नाही."

हा नियम फार सुंदर आहे. लोक नसले तर सभा होत नाही, आणि अर्धा तास लोक आले नाहीत की मग लोकांशिवायच होते. आबासाहेबांनी पान काढलं. अर्ध्या तासानं नकाशा आहे तसा कायम, कठड्यांना मंजुरी, आणि जेवण. मेनू आधीच ठरला होता.

कडूबाईचा फोन वाजला. पलीकडून बनुबाई ओरडत होती, "आगं आमी समदी वड्यावर हाय! उतरायचं कसं? छातीला लागतंय पानी!"

कडूबाई ताडकन उठली. "सायेब, मानसं आल्यात! कोरम हाय! फकस्त अलीकडं न्हाई!"

साहेबांनी घड्याळ बघितलं. पण स्नेहल मॅडमचे डोळे चमकले. "सर, लोक आपल्यापर्यंत येऊ शकत नसतील तर आपण लोकांपर्यंत जाऊ या ना!" आणि मोबाईल वर केला. मोबाईल वर झाल्यावर साहेबांना नाही म्हणता येईना. सगळी सभा उठून ओढ्याकडं निघाली, पुढं साहेब, मागं रजिस्टर घेतलेले भाऊसाहेब.

अलीकडच्या काठावर काळेपिवळे लोखंडी कठडे येऊन पडले होते. ठेकेदार वक्तशीर निघाला. पलीकडं सगळी ढवळेवस्ती उभी होती, कुणी छत्री घेऊन, कुणी डोक्यावर पोतं घेऊन. बजरंग पुढं. जयाच्या हाताला धरून संस्कृती, शाळेच्या गणवेशात, दप्तर खताच्या पिशवीत. मधून गढूळ पाणी झाडंझुडपं घेऊन चाललं होतं. त्याच्याकडं बघताना कडूबाईच्या मुठीत आपोआप वेणी आल्यासारखी झाली आणि तिनं मूठ घट्ट आवळली.

"हात वर करा!" ती जिवाच्या आकांतानं ओरडली. पलीकडं सगळे हात वर झाले. संस्कृतीनं दोन्ही केले.

भाऊसाहेबांनी मोजलं. "सर, भरतंय. पण हात चालत नाहीत. रजिस्टरवर सही-अंगठा लागतो."

साहेब मोबाईलमध्ये बघत होते. म्हणाले, "मग पाठवा की रजिस्टर पलीकडं."

भाऊसाहेब रजिस्टर छातीशी धरून पाण्याकडं बघत राहिले.

"जावा की भाऊसायेब," कडूबाई म्हणाली. "पुलावरनं जावा. कठड्याला धरून जावा, म्हंजी पडनार न्हाई."

आधी एक म्हातारा फिसकन हसला. मग सगळा काठ हसला. पलीकडच्यांना काही ऐकू आलं नव्हतं, पण इकडचे हसतायत म्हटल्यावर तेही हसले. साहेबांनी मान वर करून पहिल्यांदा ओढा बघितला. मग कठडे बघितले. त्यांचे कान लाल झाले.

"हे बघा बाई, मला दिसतंय," ते म्हणाले. "पण नकाशा बदलत नाही तोवर माझे हात बांधलेले आहेत."

"नकाशाच बदलायचा न्हवं? येवढंच न्हवं?"

ती वळली आणि पदर खोचून पंचायतीकडं चालू लागली. मागं सभा. भिंतीशी तिची बादली होतीच. तिनं तळाचं मूठभर घट्ट शेण घेतलं, नकाशापुढं उभी राहिली आणि तिथंच अडकली. पेंटरनं तिची वेल पानासकट हुबेहूब उतरवली होती. जन्मात कधी न तोडलेली रेघ. सासू आठवली, तिचा कायदा आठवला. मग वेणी आठवली. कडूबाईनं डोळे मिटले आणि पूल होता तिथं शेण थापलं. एकदा, दोनदा, पूल दिसेनासा होईस्तोवर.

"वहिनी! आयल पेंट हाय त्यो!" आबासाहेब कळवळले.

"घ्या," ती साहेबाला म्हणाली. "बदलला." आणि शेणाच्या हातांनीच तिनं डोळे पुसले.

आता हिच्यावर काय कलम लागतं, असा विचार भाऊसाहेब करत होते, तेवढ्यात स्नेहल मॅडमनी टाळ्या वाजवल्या. "सर, लोकांनी स्वतःहून नकाशा दुरुस्त केला! असं कुठंच झालेलं नाही!" मोबाईल पुन्हा वर झाला. साहेबांनी चेहरा सरळ केला, दोन पावलं पुढं आले आणि फोटोत दिसेल असा बादलीला हात लावला. भाऊसाहेबांनी ठराव लिहिला: लोकसहभागातून नकाशा अद्ययावत करण्यात आला, सबब सदर ठिकाणी पूल नाही. अर्धा तास केव्हाच उलटून गेला होता. कोरमची गरज नव्हती. ज्या नियमानं पूल बुडायचा होता, त्याच नियमानं तो वाचला.

वाचला म्हणजे यादीत परत आला. मात्र एक नंबर आता गेला होता. त्याच्या पुढं स्वागतकमान आहे, व्यायामाची यंत्रं आहेत, नव्या नकाशासाठी नवी भिंत आहे. कठड्यांची मंजुरी आधीची, म्हणून कठडे मात्र बसले, काँक्रीट घालून, दोन्ही काठांवर, मध्ये ओढा सोडून. बनुबाई त्यावर गोधड्या वाळत घालते. मॅडमच्या अहवालात शेणाला पर्यावरणपूरक माध्यम म्हटलं आहे म्हणतात, आणि दुसऱ्या गावांतून माणसं भिंत बघायला येतात. शेण वाळून गळालं की भाऊसाहेब निरोप धाडतात आणि कडूबाई येऊन पुन्हा थापून जाते. तेवढं एक तिच्याशिवाय कुणाला करता येत नाही, कारण लोकांचा नकाशा आहे.

पाणी ओसरल्यावर ती घरी आली, त्याच्या दुसऱ्या सकाळी वस्तीनं एक नवल बघितलं. कडूबाईच्या दारात पुन्हा रांगोळी होती. उंबऱ्यापासून अंगणाच्या टोकापर्यंत वेल, पानं, कळ्या, सगळं जिथल्या तिथं. फक्त मधोमध वीतभर जागा कोरी. रेघ इकडं थांबलेली, तिकडून पुन्हा सुरू.

जया चरकली. "आत्याबाई, तुटली की वो."

"ऱ्हाऊ दे. पूल झाल्यावर जोडीन."

बजरंगनं ती कोरी जागा बघितली, बोलायला तोंड उघडलं, मिटलं आणि पुढच्या वर्षासाठी वाक्य राखून ठेवलं. त्या दिवसापासून रोज तसंच चाललंय. दारात मुद्दाम अशुभ काढणारी बाई म्हणून चार जणी तिला नावं ठेवतात, आणि कडूबाई रोज सकाळी त्या कोऱ्या जागेपाशी आली की तिची चिमूट अजून अडखळते. संस्कृतीला मात्र तो खेळ वाटतो. शाळेला निघताना ती रांगोळीच्या कडेनं पळत येते आणि तेवढी वीतभर जागा उडी मारून ओलांडते. मग दोघी ओढ्यावर येतात. तिथं उडी पुरत नाही, म्हणून आजी खाली वाकते आणि पोरीला कडेवर घेते.